भाषाविज्ञानाच्या प्रवेशअर्जात सोलापूर दिसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीत पदवीनंतरच्या वाटांविषयी सध्या जी लेखमाला चालू आहे, तिच्यातला भाषांवरचा लेख लक्षपूर्वक वाचला. जर्मन, जपानी, अनुवाद, दुभाषाचे काम, पर्यटन असे सगळे त्यात आले. ‘भाषाविज्ञान’ मात्र शेवटच्या परिच्छेदात एकदाच, तेही परकीय भाषांच्या वर्गांच्या रांगेत बसवलेले दिसले. लेखकाला बोल लावण्याचे कारण नाही, कारण आपल्या बहुतेक महाविद्यालयांतही हीच समजूत आहे. परंतु सोलापुरातून या विषयाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी धडपडणाऱ्या मुलांचे अर्ज गेली काही वर्षे माझ्या नजरेखालून जात आहेत, आणि त्यांतले बरेचसे मुलांची कुवत कमी म्हणून नव्हे तर अर्ज कसा करायचा हे कुणी धड सांगितले नाही म्हणून मागे पडतात असे माझे मत झाले आहे. म्हणून या पत्रासाठी नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा मागतो आहे.

विषयाची ओळख चार वाक्यांत उरकतो. तोंडातून ध्वनी कसे निघतात, शब्द कसे घडतात, वाक्य कोणत्या नियमांनी बांधले जाते, मूल भाषा कसे शिकते, दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या की एकमेकींत काय बदल घडवून आणतात, यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे भाषाविज्ञान. त्यासाठी दहा भाषा बोलता याव्या लागत नाहीत आणि कविता आवडलीच पाहिजे अशीही अट नाही. बी.ए.ला मराठी किंवा इंग्रजी घेणाऱ्यांना या विषयाचा एखादा पेपर असतो; तो गाइडवरून पाठ केला जातो, आणि व्याख्या लिहून साठ गुण मिळाले की विषय संपला असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात एम.ए.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. गणित किंवा संगणकशास्त्र शिकलेली मुले या विषयात उत्तम चालतात, हे आपल्या विज्ञान महाविद्यालयांच्या गावीही नसते.

जायचे कुठे, हा प्रश्न सोलापूरकराला तुलनेने सोपा आहे. मुंबई-हैदराबाद लोहमार्गाच्या जवळपास मधोमध आपण बसलो आहोत. एका बाजूला पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे, जिथे अशोक केळकर आणि ना. गो. कालेलकर यांच्यासारख्यांनी काम केले. पुढे मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे. दुसऱ्या बाजूला हैदराबादेत उस्मानिया, हैदराबाद विद्यापीठ आणि इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ अशी तीन ठिकाणे एकाच शहरात आहेत, आणि द्राविडी भाषांचे मोठे अभ्यासक भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी तिथेच आयुष्य वेचले. तरी आपली मुले हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाण्याचा विचार करतात आणि हैदराबादचा करीत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. तेलुगू घरातली मुलेसुद्धा करीत नाहीत. लांब जायची तयारी असेल तर दिल्ली विद्यापीठ आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहेच. केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी-पीजी’ ही सामाईक परीक्षा असते, इतरांच्या रीती वेगवेगळ्या असतात; त्या ज्याच्या त्याच्या माहितीपत्रकात वाचाव्यात, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे एम.ए.चा प्रवेश बहुतांशी परीक्षेवर ठरतो, पण पीएच.डी.च्या मुलाखतीत संशोधनाचा आराखडा विचारतात, आणि परदेशी विद्यापीठांत तर सगळी भिस्त कागदांवर असते. आपण का आणि काय शिकू इच्छिता हे सांगणारे निवेदन, जाणत्या शिक्षकांची शिफारसपत्रे (बहुधा तीन), स्वतःच्या लेखनाचा नमुना, गुणांचा अधिकृत उतारा (ट्रान्स्क्रिप्ट) आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, एवढी सामग्री मागवतात. जीआरई या सामाईक प्रवेशपरीक्षेची अट बऱ्याच भाषाविज्ञान विभागांनी आता काढून टाकली आहे, त्यामुळे उरलेल्या कागदांचे वजन आणखी वाढले आहे.

यांतले निवेदन आपली मुले कसे लिहितात? ‘लहानपणापासून मला भाषांची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात होते. मग भाषा हे संवादाचे माध्यम कसे आहे यावर एक परिच्छेद, मग आपल्या देशाच्या भाषिक वैविध्याचा गौरव, मग चॉम्स्की या नामवंत अमेरिकी भाषावैज्ञानिकाचे नाव, मग ‘आपल्या जगद्विख्यात विद्यापीठात शिकण्याचे माझे स्वप्न आहे’. अलीकडे तर ही मजकुराची भाकरी यंत्राकडूनच थापून घेतात, त्यामुळे इंग्रजी निर्दोष असते आणि माणूस कुठेच नसतो. निवड करणाऱ्या समितीपुढे शेकडो अर्ज असतात. भाषांची आवड त्या सर्वांनाच असते, म्हणूनच तर त्यांनी अर्ज केला. समितीला हवा असतो तो प्रश्न: या मुलीला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, तो प्रश्न तिला कसा सुचला, तो सोडवायला काय करावे लागेल याची तिला कितपत कल्पना आहे, आणि तिला वाट दाखवू शकेल असे आमच्याकडे कोणी आहे का.

असा प्रश्न शोधायला आपल्या मुलांना गावाबाहेर जावे लागत नाही, हेच मला या पत्रातून सांगायचे आहे. एक उदाहरण सविस्तर देतो. पुण्याकडचा माणूस बहुधा ‘तो म्हणाला की मी येतो’ असे बोलतो; आपल्याकडे ‘येतो म्हणून म्हणाला’ हे वाक्य सर्रास कानावर पडते. म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आधी सांगायचे, मग ‘म्हणून’ लावायचे आणि मग मुख्य क्रियापद आणायचे. आता पूर्व भागात चला. साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या आसपास तेलुगू घरात हेच वाक्य ‘वस्तानु अनि चेप्पाडु’ असे होते. यातले ‘अनि’ हे ‘अनु’ म्हणजे म्हणणे या क्रियापदापासूनच आलेले आहे. अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा ‘बरतीनि अंत हेळिदा’ म्हणेल. ‘अंत’चे मूळही म्हणण्यातच आहे. आणि आपली दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलणारा शेजारी ‘आतूं बोलके बोल्या’ असे म्हणेल, जे लखनौच्या उर्दूवाल्याला चमत्कारिक वाटेल, कारण तिथे ‘कि’ आधी येतो. दोन आर्य कुळातल्या आणि दोन द्राविडी कुळातल्या अशा चार भाषा एकाच गल्लीत राहतात, चौघींचे शब्द निरनिराळे आहेत, पण वाक्याचा सांगाडा एक आहे.

इथून पुढे प्रश्न सुरू होतात. मराठीतले हे ‘म्हणून’ द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आले की मुळात होते आणि शेजारामुळे टिकले? सोलापुरात ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात ती मुले मराठी बोलताना ‘की’ जास्त वापरतात की ‘म्हणून’? आजी आणि नात यांच्या बोलण्यात फरक पडला आहे का, विशेषतः नात इंग्रजी शाळेत जात असेल तर? घरातल्या तीन पिढ्यांना एकच गोष्ट सांगायला लावून ती ध्वनिमुद्रित करावी, उतरवून घ्यावी आणि अशी वाक्ये मोजावीत, एवढ्याने तिसऱ्या वर्षाच्या मुलाचा चांगला प्रकल्प होतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. आणि ज्या निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात हा प्रश्न, हाती आलेले दोन-चार निष्कर्ष आणि न सुटलेली एक अडचण मांडलेली आहे, ते निवेदन पेनसिल्व्हेनियात काय किंवा पुण्यात काय, कोणीही शेवटपर्यंत वाचेल.

हे मी हवेत बोलत नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचे नाव जगभरच्या भाषाविज्ञान विभागांत माहीत आहे. कन्नड, मराठी आणि उर्दू तिथे शेकडो वर्षे शेजारी नांदल्या आणि शब्द वेगळे ठेवूनही त्यांचे व्याकरण एकमेकींच्या इतके जवळ आले की शब्दाला शब्द ठेवून वाक्य एका भाषेतून दुसरीत नेता यावे, असे गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली मांडले. पुढे डेक्कन कॉलेजातूनच त्या गावाचा पुन्हा अभ्यास झाला आणि आधीचे निष्कर्ष जसेच्या तसे मान्य करता येणार नाहीत असा सूर निघाला. म्हणजे वाद अजून जिवंत आहे. कुपवाडहून कितीतरी मोठे, चार भाषांचे, गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या निमित्ताने दीड शतक माणसे गोळा करीत आलेले सोलापूर या वादात साक्षीला उभे राहू शकते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी चारही भाषांत, आणि भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलला मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८चा. तो उजेडात आणणारे आनंद कुंभार विद्यापीठातले पगारी संशोधक नव्हते, याची आठवण आमच्या प्राध्यापकबंधूंना या निमित्ताने करून द्यावीशी वाटते.

दुसरी एक गोष्ट मला जास्त खटकते. अर्जात ‘अवगत भाषा’ असा रकाना असतो. त्यात मुले मराठी, हिंदी, इंग्रजी असे लिहून मोकळी होतात. सेटलमेंट भागातल्या एका हुशार मुलाने असेच लिहिले होते. ‘घरी काय बोलता?’ असे विचारल्यावर तो थोडा घुटमळला आणि मग ‘कैकाडी’ म्हणाला. ती भाषा आहे असे त्याला शाळेपासून कुणी मानूच दिले नव्हते. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात ठेवलेल्या लोकांच्या नातवंडांना आपली बोली लपवाविशी वाटावी यात त्यांचा काय दोष? तो कायदा १९५२ साली गेला, संकोच गेला नाही. पण भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर कैकाडी ही तमिळच्या जवळची द्राविडी बोली, वडारांची बोली तेलुगूशी नाते सांगणारी, पारध्यांची गुजरातीकडे झुकणारी, लमाणांची राजस्थानी वळणाची. आणि या सगळ्या एकाच शहराच्या एका टोकाला. दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या मातृभाषांची वेगळी आकडेवारी जनगणना प्रसिद्धही करीत नाही. अशा घरातले मूल जेव्हा अर्जात आपली मातृभाषा गाळते, तेव्हा त्याच्याजवळची सर्वांत मोलाची गोष्ट ते स्वतःच्या हाताने खोडून टाकते. त्या मुलाने पुढे निवेदन नव्याने लिहिले. त्यात त्याने आजीला ‘ओले लुगडे वाळत घाल’ हे वाक्य निरनिराळ्या काळांत बोलायला लावले होते आणि क्रियापदाची रूपे मांडली होती. काही मांडणी चुकलेली होती, पण ती त्याची स्वतःची होती, आणि ती वाचताना मला कंटाळा आला नाही.

लेखनाच्या नमुन्याचेही दुखणे इथलेच आहे. साधारण दहा ते वीस पानांचा, एका प्रश्नाचा पाठपुरावा करणारा निबंध मागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी आपल्याकडे ‘प्रकल्प’ असतो खरा, पण तो कसा तयार होतो हे आपण सगळे जाणतो: झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची प्रत मिळते, नाव बदलले जाते, सोनेरी अक्षरांची बांधणी होते आणि अंतर्गत गुण पडतात. त्या बांधणीला जितका खर्च येतो तितक्यात मुलगी पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांकडे चार वेळा रिक्षाने जाऊन येईल. जाताना मात्र रीत पाळली पाहिजे. बोलणे मुद्रित करण्याआधी कशासाठी ते सांगून परवानगी घ्यावी, नाव उघड करू नये आणि काम झाल्यावर ज्यांचे बोलणे घेतले त्यांना ते ऐकवावे. आमच्या एका विद्यार्थिनीला पहिल्या घरात ‘फंडाच्या चौकशीला आलीस का गं?’ असे विचारले गेले आणि पाने कापणारे हात थांबले. तिने मोबाइल पिशवीत ठेवला, बसून घेतले, आणि मुद्रण दुसऱ्या खेपेला केले. हे तिने नमुना-निबंधाच्या पद्धतीविषयीच्या भागात लिहिलेही. असे लिहावे. क्षेत्रकार्य केलेल्या माणसाला त्यातून जे कळते ते ‘सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब केला’ या वाक्यातून कळत नाही.

आता ज्या विषयावर लिहिताना माझी लेखणी थोडी तिखट होईल, तो म्हणजे शिफारसपत्रे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या शहरात सापडणे कठीण. परदेशी विद्यापीठांची पद्धत अशी असते की पत्र गोपनीय असावे. ते आपण पाहणार नाही, असे विद्यार्थ्याकडून सहसा लिहून घेतले जाते. विद्यापीठ शिक्षकाच्या ईमेलवर थेट दुवा पाठवते, आणि तो पत्ता संस्थेचा असावा अशी बऱ्याच ठिकाणी अपेक्षा असते. आपल्याकडे अनेक शिक्षकांना संस्थेचा ईमेल नसतो, असला तरी त्याचा पासवर्ड कार्यालयातल्या लिपिकाला ठाऊक असतो. मग सर आपला मोबाइलच विद्यार्थ्याच्या हातात देतात आणि म्हणतात, भरून टाक. भरणाऱ्याला काय भरावे ते समजत नाही, कारण त्यात प्रश्न असतात: या विद्यार्थ्याला आपण किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, आपण शिकवलेल्या मुलांत त्याचा क्रम कितवा लावाल, स्वतंत्रपणे काम करण्याची त्याची क्षमता कोणत्या प्रसंगात दिसली. एका मुलीच्या तिन्ही पत्रांत ‘सिन्सिअर’, ‘हार्डवर्किंग’ आणि ‘पंक्च्युअल’ हे तीन शब्द त्याच क्रमाने आले होते, कारण तिन्ही पत्रे तिनेच एका संध्याकाळी लिहिली होती. ती खरोखर कष्टाळू होती. पण तिला जिथे अर्ज करायचा होता तिथल्या वाचकाला पहिल्या दोन पत्रांतच प्रकार लक्षात आला असणार. यात नुकसान तिचे झाले, सही करणाऱ्यांचे काही बिघडले नाही.

शिक्षकांचीही बाजू आहे, ती नाकारत नाही. वर्गात शंभर मुले, तासिका तत्त्वावरची नेमणूक, इंग्रजीत पत्र लिहिण्याचा सराव नाही. पण शिफारसपत्रासाठी अलंकारिक इंग्रजी लागत नाही. या मुलीने तिसऱ्या सत्रात मला अमुक प्रश्न विचारला, मला उत्तर आले नाही, पुढच्या आठवड्यात तिने स्वतः शोधून आणले. असे एक खरे वाक्य दहा विशेषणांना भारी पडते. मराठीत लिहून द्यावे आणि इंग्रजीच्या सहकाऱ्याकडून भाषांतर करून घ्यावे, त्यात कमीपणा काही नाही. आणि मोठ्या नावांचा हव्यास सोडावा. प्राचार्यांनी मुलाला कधी शिकवलेले नसते. एका अर्जाला तर आमदारांचे पत्र जोडलेले मी पाहिले आहे. ‘सदर उमेदवार माझ्या परिचयाचे असून होतकरू आहेत’ हा मजकूर रेशनकार्डासाठी ठीक आहे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि बहुधा आईचे असा क्रम असतो; पासपोर्टवर वेगळा असतो. परदेशी कार्यालयाला ही दोन वेगळी माणसे वाटू शकतात. इंग्रजीच्या परीक्षेसाठी आणि अर्जासाठी पासपोर्टवरचेच नाव वापरावे, आणि फरकाचा खुलासा करणारे महाविद्यालयाचे पत्र वेळेवर घ्यावे. गुणांचा अधिकृत उतारा विद्यापीठातून मिळायला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागतात, हे गृहीत धरूनच चालावे. आयईएल्टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतात, म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षी उत्साहाने परीक्षा देऊन पैसे घालवू नयेत.

पैशांचा विषय निघाला की पालक हात टेकतात, आणि अर्धवट माहितीमुळेच टेकतात. अमेरिकेत मास्टर्सचा खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून होतो, हे खरे. पण तिथल्या बऱ्याच भाषाविज्ञान विभागांत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर पाचेक वर्षांची फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल निर्वाहवेतनही मिळते. म्हणून कधी कधी महागडा मार्ग दोन वर्षांचा असतो आणि परवडणारा पाच वर्षांचा. दर अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास शुल्क पडते. ते माफ करावे अशी विनंती लेखी करता येते आणि बरीच विद्यापीठे ती मान्य करतात, परंतु आमची मुले विचारायला लाजतात आणि दहाऐवजी दोनच अर्ज करतात. देशातल्या देशात यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे आणि कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर घरून पैसे मागवावे लागत नाहीत. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तिचे नियम आधी नीट वाचावेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताच्या सामाजिक अभ्यासाचे विषय वगळण्यात आले. कैकाडीवर काम करू पाहणाऱ्या मुलाला या अटीचा फटका बसू शकतो; ही अट घालणाऱ्यांनी काय साधले, ते मला अजून उमगलेले नाही.

नोकरीचे काय, हा प्रश्न आपल्या लेखमालेतही होता. हमी कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. अध्यापन, कोशकार्य, पाठ्यपुस्तके, बोलणे ओळखणारी आणि भाषांतर करणारी यंत्रे घडवणाऱ्या कंपन्या, १९६९ पासून म्हैसूरला असलेली भारतीय भाषा संस्थान ही केंद्र सरकारची संस्था, अशा जागा आहेत. त्या भरपूर नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, त्यामुळे वाव वाढेल अशी आशा करायला जागा आहे. मात्र आशेवर पाच वर्षे काढण्यापेक्षा संगणकाची एखादी भाषा आणि थोडे संख्याशास्त्र सोबत शिकून घ्यावे, असे मी मुलांना सांगतो, आणि साहित्याच्या वाटेने आलेल्यांना ते कडू लागते.

महाविद्यालयांकडे आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडे माझे मागणे लहान आहे. हे विद्यापीठ २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले. त्या जिल्ह्याच्या बोलींवर काम करणे त्याला इतर कुणापेक्षा सोपे आहे. शहरात मराठी, कन्नड, उर्दू, हिंदी, इंग्रजीचे शिक्षक आहेत, पण ते भेटतात ते परीक्षेच्या पर्यवेक्षणात. त्यांनी मिळून पदवीच्या दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्याचा एक छोटा अभ्यासक्रम चालवावा. मुलांनी केलेली ध्वनिमुद्रणे, ती देणाऱ्यांच्या संमतीने, ग्रंथालयात सांभाळून ठेवावीत. नव्या शैक्षणिक धोरणात चौथे वर्ष संशोधनाचे करता येते, तेव्हा वेळ नाही ही सबब आता फारशी टिकत नाही. आणि प्रत्येक शिक्षकाला संस्थेचा, त्याच्या एकट्याच्या ताब्यातला ईमेल मिळावा. याला ठराव, समिती, निविदा काही लागत नाही.

यंदा अर्ज करणाऱ्यांसाठी वेळेचे गणित सांगून थांबतो. अमेरिकेतल्या बहुतेक विभागांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, उत्तरे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि आर्थिक साहाय्यासह प्रवेश देऊ केला असेल तर तो स्वीकारायचा की नाही हे सांगायला तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत अवधी असतो. याच सुमारास आपल्याकडे सत्र परीक्षा आणि केंद्रीय सामाईक परीक्षेचे अर्जही चालू असतात. तेव्हा गुणांच्या उताऱ्यासाठी अर्ज गणपतीच्या दिवसांत करावा, निवेदनाचा पहिला खर्डा नवरात्रात कुणा जाणत्याला वाचायला द्यावा, आणि शिक्षकांना शिफारसपत्रासाठी दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी भेटावे. भेटताना आपला प्रकल्प, निवेदन आणि विद्यापीठांची मुदतीसह यादी कागदावर लिहून न्यावी. शिफारसपत्राचा मसुदा नेऊ नये.

आपला,
भाषा विषयाचा एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)